ज्याला मत नाही, तो कायदा कसा बदलतो?

२०२५ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड शहर आपल्याकडच्या बातम्यांतही आलं. तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या इमारतीबाहेर स्थलांतरितांच्या धरपकडीविरुद्ध निदर्शनं चालू होती. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शहरात नॅशनल गार्डचे सैनिक पाठवायचा आदेश काढला. राज्य सरकार कोर्टात गेलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात न्यायाधीश कॅरिन इमरगट यांनी तो आदेश तात्पुरता अडवला. त्या स्वतः ट्रम्प यांच्याच पहिल्या कारकिर्दीत नेमलेल्या.

ही बातमी वाचताना कुणालाही प्रश्न पडेल. देशात कोण राहणार, कोण नाही, हे केंद्र सरकार ठरवतं ना? मग एखादं राज्य त्यात पडतं कसं? आणि त्याच्याही आधीचा प्रश्न म्हणजे, ज्या स्थलांतरितांवरून हे चाललंय त्यांना तर मतदानाचा अधिकारच नाही. मत नसलेल्या माणसाचं आमदार ऐकतो कशाला?

याचं उत्तर पोर्टलंडच्या रस्त्यांवर मिळत नाही. ते मिळतं शहराच्या दक्षिणेला, विलामेट नदीच्या खोऱ्यात, जिथे बेरी, द्राक्षं आणि नाताळची झाडं पिकतात.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

पहिला शब्द ‘लातिने’. मेक्सिको, ग्वातेमालापासून ब्राझील, अर्जेंटिनापर्यंतच्या देशांतून अमेरिकेत आलेली माणसं आणि त्यांची तिथे जन्मलेली मुलं यांच्यासाठी तो वापरतात. स्पॅनिशमध्ये पुरुष ‘लातिनो’ आणि बाई ‘लातिना’. आपल्याकडे तो मुलगा, ती मुलगी आणि ते मूल अशी तिहेरी सोय आहे. स्पॅनिश नामांना नपुंसकलिंग नाही. म्हणून सगळ्यांना सामावून घेणारं ‘लातिने’ हे रूप अलीकडे रुळू लागलं. अर्थात शेतात काम करणारा माणूस स्वतःला बहुधा ‘मी मेक्सिकन’ किंवा ‘मी ओआहाकाचा’ असंच म्हणेल. ओआहाका हे मेक्सिकोतलं राज्य, आणि तिथून आलेल्या अनेकांची मातृभाषा स्पॅनिशही नाही, मिस्तेको आहे.

दुसरा शब्द ‘कागदपत्रांविना’. बातम्यांत सरसकट ‘बेकायदा’ म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. काही जण सीमा चुकवून आले. तो किरकोळ का होईना, फौजदारी गुन्हा आहे. बरेच जण रीतसर व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले; ते दिवाणी स्वरूपाचं उल्लंघन आहे. दोघांनाही देशाबाहेर काढता येतं. मग ते रांगेत उभं राहून कागद का करून घेत नाहीत? कारण बहुतेकांसाठी तशी रांगच नाही. शेतमजुराला हंगामी व्हिसा मिळू शकतो, पण त्यातून कायम राहण्याची वाट निघत नाही. अशा लोकांना मोठ्या संख्येने कागद देणारा शेवटचा कायदा १९८६ चा, रोनाल्ड रेगन यांच्या काळातला. त्यातून सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. त्यानंतर २००६, २००७, २०१३ अशा प्रयत्नांच्या खेपा झाल्या. २०१३ मध्ये तर सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी विधेयक मंजूर केलं, पण दुसऱ्या सभागृहाने ते मतदानालाच घेतलं नाही.

केंद्राच्या दारावर इतकी वर्षं हात बडवून ते उघडलं नाही, म्हणून लोक राज्याच्या दाराशी आले.

गेट फेडरेशनचं, लिफ्ट विंगची

मुंबई-पुण्यातलं एखादं मोठं गृहसंकुल डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक विंगची वेगळी सोसायटी, आणि सगळ्यांची मिळून एक फेडरेशन. मुख्य गेटवर कुणाला सोडायचं, कुणाला परत पाठवायचं, हे फेडरेशनच्या हातात. पण आत राहत असलेल्या माणसाने लिफ्ट वापरायची की नाही, पाणी किती वाजता सोडायचं, विंगच्या वॉचमनने कुठली कामं करायची, हे त्या विंगची सोसायटी ठरवते.

अमेरिकेत गेट म्हणजे इमिग्रेशन, आणि ते केंद्राचं. लिफ्ट, पाणी आणि वॉचमन मात्र राज्यांचे. ड्रायव्हिंग लायसन्स कुणाला द्यायचं, सरकारी विद्यापीठात फी किती घ्यायची, मजुराला ओव्हरटाइम कधी लागू होतो, स्थानिक पोलिसांनी कशात वेळ घालवायचा, राज्याच्या पैशांतून कुणावर उपचार करायचे, हे सगळं राज्य ठरवतं. लायसन्सच्या बाबतीत आपला थोडा गोंधळ होतो, कारण आपल्याकडे आरटीओ राज्याचं असलं तरी मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. तिथे कायदाच राज्यागणिक वेगळा.

आता फेडरेशनने विंगच्या वॉचमनला सांगितलं की तुझं काम बाजूला ठेव आणि आमच्यासाठी घरोघर जाऊन पासपोर्ट तपास, तर? विंग म्हणू शकते, ‘तपासायचे असतील तर तुमची माणसं पाठवा, वॉचमनचा पगार आम्ही देतो.’ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच १९९७ मध्ये मान्य केलं, पण खटला इमिग्रेशनचा नव्हता. पिस्तूल विकत घेणाऱ्यांची चौकशी स्थानिक शेरीफांनी करावी असा केंद्राचा कायदा होता. शेरीफ म्हणजे जिल्ह्याचा निवडून आलेला पोलीसप्रमुख. माँटाना आणि ॲरिझोनातल्या दोन शेरीफांनी त्या कायद्याला आव्हान दिलं आणि ते जिंकले. बंदुका बाळगण्याच्या बाजूने लढलेल्या शेरीफांनी मिळवलेला हा निकाल आज स्थलांतरितांच्या बाजूचे वकील आधाराला घेतात. कायद्याचं तत्त्व ते कुणी मिळवलं याच्यावर थांबत नाही, आणि मला तरी या विषयातली ही फार शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

उलट बाजूही तितकीच खरी. ॲरिझोनाने २०१० मध्ये स्वतःच गेट चालवायला घेतलं, स्थलांतरितांना पकडण्यासाठी राज्याचे गुन्हे तयार केले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातला मोठा भाग रद्द केला. विंगला गेटवर स्वतःचं कुलूप लावता येत नाही.

या तत्त्वावर राज्यभराचा कायदा सगळ्यांत आधी केला तो ओरेगॉनने. १९७७ च्या जानेवारीत इंडिपेन्डन्स नावाच्या छोट्या गावात शेरीफचे पोलीस एका हॉटेलात शिरले आणि जेवायला बसलेल्या मेक्सिकन वंशाच्या माणसांकडे कागद मागू लागले. त्यातल्या एकाला त्यांनी बळजबरीने धरलं, आणि तो निघाला अमेरिकेचा नागरिक. रॉकी बारिया नावाच्या तरुण वकिलाने त्याची केस हाती घेतली. हेच बारिया पुढे निवडून आले, ओरेगॉनचे पहिले लातिनो आमदार झाले आणि १९८७ मध्ये त्यांनी कायदा आणला: ज्याचा दोष फक्त इमिग्रेशनच्या नियमांपुरता आहे अशा माणसाला शोधायला किंवा पकडायला राज्यातल्या पोलिसांनी आपली साधनं वापरायची नाहीत. दोन्ही पक्षांच्या आमदारांनी तो जवळपास एकमताने मंजूर केला. अशा कायद्याला ‘सँक्च्युरी’, म्हणजे आसऱ्याचा कायदा म्हणतात. त्याने कुणाला राहण्याचा हक्क मिळत नाही आणि चोर-दरोडेखोरांना संरक्षणही मिळत नाही. वॉचमनने वॉचमनचंच काम करायचं, एवढंच तो सांगतो.

एका लायसन्सची किंमत

ज्या गावात बस नाही तिथे मोटार ही चैन नसते. शेत वीस मैलांवर, मुलांची शाळा दुसऱ्या टोकाला, दवाखाना शेजारच्या गावात. लायसन्स नसलं की विमा काढणं अवघड, आणि साधा टेललाइट गेला म्हणून पोलिसांनी थांबवलं तरी पोटात गोळा येतो, कारण त्या पाच मिनिटांतून सुरू झालेली साखळी कुटुंबातल्या एकाला देशाबाहेर नेऊ शकते.

ओरेगॉनमध्ये २००८ पर्यंत लायसन्ससाठी इमिग्रेशनचे कागद लागत नव्हते. केंद्राने २००५ मध्ये ‘रिअल आयडी’ कायदा करून ओळखपत्रांचे नियम कडक केले. त्या वाऱ्यात ओरेगॉनच्या गव्हर्नरांनी, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखांनी, २००७ अखेर आदेश काढला आणि २००८ च्या फेब्रुवारीत विधिमंडळाने त्याचा कायदा केला: देशात राहण्याचा कायदेशीर पुरावा नसेल तर लायसन्स नाही. आता यातली बारीक गोष्ट पाहा. ओरेगॉनचं लायसन्स आठ वर्षं चालतं. त्यामुळे हा कायदा एका दिवशी सगळ्यांवर कोसळला नाही. २००९ मध्ये शेजाऱ्याचं संपलं, २०११ मध्ये मेव्हण्याचं, २०१३ मध्ये बायकोचं. २०१६ पर्यंत एकेक करून माणसं रस्त्यावरून बाद होत गेली. असा हळूहळू लागणारा कायदा बातमीत दिसत नाही, घरात दिसतो.

२०१३ मध्ये स्थलांतरितांच्या संघटनांनी विधिमंडळाकडून तोडगा मिळवला. पूर्ण लायसन्स नाही, पण चार वर्षांचं ‘ड्रायव्हर कार्ड’; फक्त गाडी चालवण्यापुरतं, ओळखपत्र म्हणून चालणार नाही. गव्हर्नर जॉन किट्झहेबर यांनी १ मे रोजी त्यावर सही केली. मे महिन्याचा पहिला दिवस मजुरांचा, म्हणून तारीखही जपून निवडलेली.

आणि मग हार झाली

ओरेगॉनमध्ये १९०२ पासून एक सोय आहे. विधिमंडळाने केलेला कायदा पटला नाही तर ठरावीक सह्या जमवून तो लोकांच्या मताला टाकता येतो. त्याला सार्वमत म्हणतात. विरोधकांना सुमारे ५८ हजार सह्या हव्या होत्या. त्यांनी त्या जमवल्या. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदान झालं आणि ६६ टक्के लोकांनी ड्रायव्हर कार्ड नाकारलं. एकही कार्ड हातात पडण्याआधी कायदा संपला.

दोन तृतीयांश लोक वाईट असतात असं मला वाटत नाही. पण ‘वेगळं कार्ड’ म्हटल्यावर लोकांच्या मनात एक चित्र तयार झालं: नियम मोडून आलेल्यांसाठी केलेली खास सोय. ज्यांच्यासाठी ते कार्ड होतं त्यांना मत नव्हतं, आणि ज्यांना मत होतं त्यातल्या बहुतेकांच्या रोजच्या जगण्यात ही माणसं नव्हतीच. सार्वमताचा हा धोका जुना आहे. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रस्ताव १८७’ आला. कागदपत्रांविना राहणाऱ्यांना शाळा आणि दवाखाने बंद करणारा तो प्रस्ताव ५९ टक्के मतांनी जिंकला. तो नंतर कोर्टात अडकला. पण त्या धक्क्याने लाखो लातिनो कुटुंबांत ज्याला ज्याला नागरिक होता येत होतं तो अर्ज भरायला गेला, मतदार झाला, आणि पुढच्या वीस वर्षांत त्या राज्याचं राजकारणच फिरलं.

मत नसलेल्यांचं बळ येतं कुठून?

पोर्टलंड आणि राजधानी सेलम यांच्या मधोमध वुडबर्न नावाचं गाव आहे. एकेकाळी रशियातून आलेले जुन्या पंथाचे ख्रिस्ती लोक तिथे वसले. आज गावातले निम्म्याहून जास्त लोक लातिने आहेत. १९८५ मध्ये इथे शेतमजूर आणि जंगलात रोपं लावणारे मजूर यांनी मिळून संघटना काढली. ‘पिनेरोस इ काम्पेसिनोस उनिदोस देल नोरोएस्ते’, म्हणजे वायव्येतले वनमजूर आणि शेतमजूर यांची एकजूट. सगळे तिला ‘पीकून’ म्हणतात. सुरुवातीची कामं साधी होती: अर्ज भरून देणं, थकलेली मजुरी मिळवून देणं, कोर्टात सोबत जाणं. २००६ पासून त्यांचं छोटं रेडिओ केंद्रही आहे. त्यावरून स्पॅनिशबरोबर मूळनिवासी भाषांतही बोललं जातं. ज्याला स्पॅनिशही धड येत नाही त्याला आपला हक्क आपल्या भाषेत ऐकू येणं, याचं मोल मराठी माणसाला सांगावं लागू नये.

पण रेडिओने कायदा होत नाही. आमदाराला हलवणारं बळ वेगवेगळ्या ठिकाणांहून येतं.

पहिलं बळ घरातच असतं. अमेरिकेत जन्मलेलं मूल जन्मतः नागरिक असतं. ते संपवायचा आदेश ट्रम्प सरकारने २०२५ च्या जानेवारीत काढला आणि खालच्या न्यायालयांनी तो अडवला. त्यामुळे एकाच छपराखाली आई कागदपत्रांविना, वडिलांकडे ग्रीन कार्ड आणि मुलगी नागरिक असं चित्र नेहमीचं आहे. ती मुलगी अठरा वर्षांची होते तेव्हा आईचं मत तिच्या हातात येतं. २००८ मध्ये वडिलांचं लायसन्स जाताना पाहिलेली दहा वर्षांची मुलं २०१८ मध्ये वीस वर्षांची मतदार होती. संघटनांनी घरोघर जाऊन हेच केलं: अशा मुलांची मतदार नोंदणी.

दुसरं बळ अनपेक्षित सोबत्यांचं. द्राक्षमळ्याच्या मालकाला मजूर वेळेवर शेतात हवा असतो. चर्चला आपल्या रविवारच्या प्रार्थनेला येणारी कुटुंबं एकत्र हवी असतात. पोलिसाला रस्त्यावर विमा असलेली, परीक्षा पास झालेली माणसं हवी असतात. कारणं वेगळी, पण विधेयक एक. २०१८ मध्ये १९८७ चा आसऱ्याचा कायदाच रद्द करायचा प्रस्ताव मताला आला, तेव्हा नायकीसारख्या बड्या कंपनीनेही उघड विरोध केला. ज्या राज्याने चार वर्षांपूर्वी ड्रायव्हर कार्ड फेटाळलं होतं, त्याच राज्यातल्या जवळपास ६३ टक्के मतदारांनी हा प्रस्ताव फेटाळला आणि जुना कायदा वाचवला.

तिसरं बळ साक्षीचं. विधेयक समितीसमोर आलं की कुणीही नाव नोंदवून बोलू शकतं. त्याला नागरिक असायची अट नाही. वेळ मिळतो दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात दुभाषाला जागा ठेवून आपलं आयुष्य सांगायचं, तेही आपलं नाव कायमचं नोंदलं जाईल हे माहीत असताना. कागदपत्रांविना माणसाने सरकारी इमारतीत स्वतःहून जाऊन माइकसमोर बसणं हे केवढं धाडस आहे, हे आपल्याला घरबसल्या कळणं कठीण. आमदाराला अहवाल रोज मिळतात. आपण खाल्लेली बेरी खुडणारी बाई समोर बसून ‘मुलाला ताप होता आणि मी गाडी काढायला घाबरले’ असं सांगते, ते त्याच्या टेबलावर रोज येत नाही.

आणि शेवटी, समोर बसणारा आमदार कोण आहे. २०१६ मध्ये वुडबर्नने तेरेसा आलोन्सो लेओन यांना निवडून दिलं. त्या मेक्सिकोतल्या पुरेपेचा या मूळनिवासी समाजातल्या, लहानपणी शेतमजूर आईवडिलांबरोबर आलेल्या, कागदांविना वाढलेल्या. ज्या खोलीत आधी फक्त साक्ष देता येत होती, तिथे आता मत देणारी खुर्चीही त्यांच्यातल्या एकीची होती.

२०१९ मध्ये दुसऱ्यांदा विधेयक आलं तेव्हा त्याची मांडणी बदललेली होती, आणि मला वाटतं खरी हुशारी इथे आहे. वेगळ्या कार्डाची मागणीच सोडून दिली. रिअल आयडीमुळे आता प्रत्येक ओरेगॉनवासीयाला निवड करायची होती: विमानतळावर चालेल असं रिअल आयडी लायसन्स, की साधं लायसन्स. नवा कायदा इतकंच म्हणाला की साध्या लायसन्ससाठी इमिग्रेशनचा पुरावा मागायचा नाही. ओळख आणि पत्ता दाखवा, परीक्षा द्या. म्हणजे जे कार्ड आळसापोटी रिअल आयडी न काढणाऱ्या आजोबांच्या खिशात, तेच शेतमजुराच्या खिशात. पाहून काही कळत नाही. गव्हर्नर केट ब्राऊन यांनी सही केली आणि जानेवारी २०२१ पासून लायसन्सं मिळू लागली.

मॅसॅच्युसेट्सने तर सार्वमतही जिंकलं. तिथे ब्राझीलहून आलेल्या कामगारांचं केंद्र आणि सफाई कामगारांची युनियन पुढे होती, आणि मोठ्या शहरांच्या पोलीसप्रमुखांची संघटना त्यांच्या बाजूने उभी राहिली. २०२२ मध्ये गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो दोन तृतीयांश मतांनी ओलांडला, विरोधकांनी सार्वमत घडवलं आणि सुमारे ५४ टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं.

उन्हातली सावली आणि ५५ तास

केंद्राने १९३८ मध्ये आठवड्याच्या ठरावीक तासांनंतर दीडपट मजुरीचा कायदा केला, पण शेतमजुरांना वगळलं. तेव्हा दक्षिणेतल्या शेतांवर राबणारे बरेचसे काळे होते, आणि दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांशिवाय कायदा होत नव्हता. ती वगळणूक आजही तशीच आहे. ओरेगॉनने २०२२ मध्ये ती आपल्यापुरती मोडली: २०२३ पासून ५५ तासांनंतर ओव्हरटाइम, २०२५ पासून ४८ आणि २०२७ पासून ४० तासांनंतर. शेतकऱ्याला एकदम झेपणार नाही म्हणून टप्पे, आणि त्याच्या खर्चातला काही भाग करसवलतीने परत.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी. जून २०२१ मध्ये त्या भागात कधी नव्हे अशी उष्णतेची लाट आली आणि एका रोपवाटिकेत पाइप हलवण्याचं काम करणारा ग्वातेमालाचा मजूर उन्हात कोसळून गेला. संघटनांनी दोन आठवडेही थांबू दिलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात राज्याच्या कामगार सुरक्षा खात्याने तातडीचा नियम काढला. पुढच्या वर्षी तो कायम झाला. उष्णतेचा निर्देशांक ८० अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण २७ सेल्सियस झाला की सावली आणि थंड पाणी द्यायचं. ९० च्या वर सक्तीची विश्रांती. हा नियम मजुराचे कागद विचारत नाही. विधिमंडळाचं दार बंद असताना खात्याचं दार उघडं असतं, हेही यातून दिसतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या ओळखीचं ऊन आहे हे. त्यांच्या फडात असा नियम अजून यायचा आहे.

पण नियम मोडणाऱ्याला हे बक्षीस नाही का?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. वर्षानुवर्षं व्हिसाच्या रांगेत उभा असलेला माणूस हे विचारतो तेव्हा त्याच्या बोलण्यात खरं दुःख असतं. पण राज्याचा कायदा व्हिसा देत नाही, नागरिकत्व देत नाही, देशाबाहेर काढणं थांबवतही नाही. तो राज्यापुढे वेगळा प्रश्न ठेवतो: हा माणूस उद्याही याच रस्त्यावर असणार आहे, तो परीक्षा देऊन चालवलेला बरा की न देता? कॅलिफोर्नियाने २०१५ पासून अशी लायसन्सं दिली, पहिल्याच वर्षी सहा लाखांहून जास्त. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आकडे तपासले. अपघात वाढले नव्हते, आणि धडक देऊन पळून जाण्याचे प्रकार ७ ते १० टक्क्यांनी घटले होते. ज्याच्याकडे लायसन्स आहे तो थांबतो.

ते मतदार यादीत घुसतील का?

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की ओरेगॉनमध्ये चूक झाली. २०१६ पासून तिथे लायसन्स काढताना नागरिकाची मतदार नोंदणी आपोआप होते. २०२१ नंतर परदेशी पासपोर्टही घेतले जाऊ लागले आणि काउंटरवरच्या काहींनी ते अमेरिकी म्हणून नोंदवले. २०२४ मध्ये उघड झालं की नागरिकत्वाचा पुरावा न दिलेली १,२०० हून अधिक नावं यादीत गेली होती. त्यातल्या मोजक्यांनीच मतदान केलं होतं. दोष खिडकीपलीकडच्या यंत्रणेचा होता, अर्जदाराचा नव्हे. पण शिक्षा अर्जदाराला होऊ शकते, कारण नागरिक नसताना मत देणं त्याचं पुढचं सगळं आयुष्य उधळून लावतं. चांगला कायदा ढिसाळ अंमलबजावणीने कसा गोत्यात येतो याचं हे उदाहरण आहे, आणि कायद्याच्या बाजूच्यांनी ते झाकू नये.

पैसा कुणाचा?

हे लोक कर भरत नाहीत, असा समज आहे. २०२२ या एका वर्षात कागदपत्रांविना राहणाऱ्यांनी केंद्र, राज्य आणि स्थानिक मिळून ९६.७ अब्ज डॉलर कर भरला, असा वॉशिंग्टनमधल्या एका करविषयक अभ्याससंस्थेचा अंदाज आहे. अनेकांच्या पगारातून म्हातारपणाच्या पेन्शनची कपात होते, आणि ती पेन्शन त्यांना कधीच मिळणार नसते.

तरी आरोग्याचा खर्च मोठा असतो, हेही खरं. कॅलिफोर्नियाने टप्प्याटप्प्याने २०२४ पर्यंत सगळ्या वयांच्या कागदपत्रांविना लोकांना आपली आरोग्य योजना खुली केली. पुढच्याच वर्षी तिजोरीत तूट आली आणि प्रौढांची नवी नोंदणी २०२६ पासून थांबवायचं ठरलं. इलिनॉयने ४२ ते ६४ वयोगटाची योजना जुलै २०२५ मध्ये बंद केली. दोन्ही राज्यांत सरकार डेमोक्रॅट पक्षाचंच. राज्याच्या दारातून मिळालेलं राज्याच्या दारातून परत जाऊ शकतं. टेक्सासने तर २००१ मध्ये, देशात सर्वांत आधी, अशा विद्यार्थ्यांना स्थानिक फीमध्ये शिकू दिलं होतं. जून २०२५ मध्ये केंद्राने खटला भरला, राज्याने लढायचंच नाकारलं आणि २४ वर्षांचा तो कायदा एका दिवसात गेला.

दिलेली माहिती जाते कुठे?

आज स्थलांतरितांच्या घरांतली मोठी भीती हीच आहे. लायसन्स किंवा आरोग्य कार्ड काढायचं म्हणजे नाव, फोटो, पत्ता सरकारला द्यायचा. व्हरमाँटमध्ये गोठ्यांवर काम करणाऱ्यांच्या संघटनेने आरोप केला होता की लायसन्स खातं इमिग्रेशनवाल्यांना माहिती पुरवतं. २०२० मध्ये तडजोड होऊन ते थांबवायचं ठरलं. न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्यातच माहिती देण्यावर बंधन घातलं. केंद्राने त्यावर २०२५ च्या फेब्रुवारीत खटला भरला आणि डिसेंबरमध्ये तो फेटाळला गेला. पण त्याच वर्षी जूनमध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने काही राज्यांतल्या लाभार्थ्यांची माहिती गृहसुरक्षा खात्याला देऊन टाकली. राज्याने दिलेला शब्द राज्याच्या संगणकापुरताच पुरतो.

यात आपली माणसं कुठे आहेत?

हा सगळा ‘मेक्सिकनांचा’ प्रश्न वाटत असेल तर २०१८ चा उन्हाळा आठवावा. ओरेगॉनमधल्याच शेरिडन गावच्या तुरुंगात केंद्राने आश्रय मागणाऱ्या सुमारे १२० पुरुषांना डांबलं होतं. त्यात ५० हून अधिक भारतीय होते, बरेचसे पंजाबचे शीख. लातिने कुटुंबांच्या पाठीशी उभे राहणारे वकील आणि स्वयंसेवकच त्यांच्यासाठी धावले आणि त्यांना बाहेर काढूनच थांबले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने अमृतसरला १०४ भारतीय आणून सोडले, त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. आणि ज्यांचे कागद चोख आहेत अशा एच-वन-बीवरच्या मराठी मंडळींनाही हे नवं नाही. बऱ्याच राज्यांत त्यांचं लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं. मुदतवाढीचा अर्ज अडकला की गाडीही अडकते. साध्या लायसन्ससाठी तारीखच न विचारणारा कायदा त्यांच्याही कामाचा आहे.

ओरेगॉनच्या खोऱ्यात जानेवारी २०२७ पासून शेतमजुराचा ओव्हरटाइम ४० तासांनंतर सुरू होईल. जानेवारी २०२१ मध्ये निघालेली पहिली लायसन्सं आठ वर्षं चालतील, म्हणजे २०२९ मध्ये ती नूतनीकरणाला येऊ लागतील. खिडकीवरचा माणूस तेव्हा कुठले कागद मागेल, ते तोवर सेलममध्ये कोण निवडून गेलंय यावर आहे. २००८ मध्ये जन्मलेली वुडबर्नची मुलं २०२६ मध्ये अठरा वर्षांची होतात.